सीएस १.६ ची लॅन स्पर्धा: व्हॅलोरंटवर वाढलेली पोरं रमतील का, आणि सेटिंग काय ठेवावं?

इंदिरानगर_लॅन

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये दिवाळीच्या सुट्टीत काउंटर-स्ट्राइक १.६ ची (सीएस १.६, टेररिस्ट संघाने बॉम्ब लावायचा आणि काउंटर-टेररिस्ट संघाने तो थांबवायचा असा नेमबाजीचा गेम) लॅन स्पर्धा, म्हणजे हॉलमधलेच पीसी केबलने जोडून, ठरतेय, पाच-पाच जणांचे संघ. एका ऑफिसातून निघालेले अकरा जुने डेस्कटॉप मिळतायत. ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर ६० हर्ट्झचे, बहुतेकांवर विंडोज ७. हॉलमध्ये इंटरनेट नाही. खेळणाऱ्यांत निम्मे पस्तिशीच्या पुढचे, निम्मी कॉलेजची पोरं, व्हॅलोरंट या तशाच धर्तीच्या नव्या गेमवर वाढलेली.

दोन प्रश्न आहेत. या पोरांना २००३ चा गेम खरंच धरून ठेवेल का, आणि ठेवत असेल तर नेमकं कशामुळे? आणि सर्व्हरपासून माउसपर्यंत काय काय नीट लावावं लागेल?

पंचवटी_रश

धरून ठेवतो, आणि ते काही जुन्या आठवणींमुळे नाही. ज्यांच्या या गेमच्या आठवणीच नाहीत तेही अडकतात, कारण यात सगळा हिशेब उघडा आहे आणि तो डोक्यात मावतो.

मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमवर हा मॉड (मूळ गेममध्ये बदल करून केलेला गेम) बांधला, व्हॉल्व्हने २००० मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून आणला. १.६ मध्ये अनलॉक करायला काहीही नाही. पहिल्यांदा बसलेल्यालाही पहिल्या फेरीत ८०० डॉलर आणि वीस वर्षं खेळणाऱ्यालाही ८००. पोरांना हे परकं वाटणार नाही, व्हॅलोरंटमध्येही सुरुवात ८०० क्रेडिट्सनेच होते. फरक इतकाच की इथे एजंटच्या (व्हॅलोरंटमधल्या पात्रांच्या) खास शक्ती नाहीत. पैसा, जागा आणि आवाज, बस.

पैशाचं गणित असं. एक बळी ३००. समोरचा संघ संपवून फेरी जिंकली की प्रत्येकी ३२५०. हरलात तर १४००, सलग हरत गेलात की ती रक्कम वाढत जाते. बॉम्ब लावला पण तो निकामी झाला, तरी टेररिस्ट संघाला प्रत्येकी ८०० जादा. म्हणून हरती फेरी दिसत असली तरी बॉम्ब लावून मरायचं, हे पोरांना आधीच सांगा.

आता हातात २८०० डॉलर असलेला टेररिस्ट घ्या. एके ही रायफल २५०० ची, वर तीन मॅगझिनच्या गोळ्या प्रत्येकी ८०, म्हणजे २४०. एकूण २७४०. साठ डॉलर उरले, जॅकेट नाही. हाच काउंटर-टेररिस्ट (सीटी) असेल तर ३१०० ची एमफोर रायफल त्याला परवडतच नाही, २२५० च्या फॅमासवर भागवावं लागतं. पूर्ण सामानाचं बघा: एके, हेल्मेटसह जॅकेट १०००, एचई (स्फोटाचा) ग्रेनेड ३००, डोळे दिपवणारे दोन फ्लॅश ४००, म्हणजे ४२००. सीटीला एमफोर, तेच सगळं आणि बॉम्ब निकामी करायचं डिफ्यूज किट २००, म्हणजे ५०००. दोन्ही बेरजा गोळ्या सोडून. एकाच मॅपवर दोन बाजूंना वेगळा विचार करायला लावणारा हा ८०० चा फरक आहे. गेम टिकला त्याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण.

व्हॅलोरंटवाले हमखास फसतात ते गोळ्यांपाशी. १.६ मध्ये बंदूक घेतली की एकच मॅगझिन मिळतं, बाकी गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात. स्वल्पविरामाच्या बटणाने मुख्य बंदुकीच्या, पूर्णविरामाच्या बटणाने पिस्तुलाच्या. खरेदीची बटणं अशी: एके बी-४-२, एमफोर बी-४-३, हेल्मेटसह जॅकेट बी-८-२. एका कागदावर छापून प्रत्येक मॉनिटरला चिकटवा.

जेलरोड_स्विच

पीसीबद्दल. विंडोज ७ वर आता स्टीम (गेम चालवायचं व्हॉल्व्हचं सॉफ्टवेअर) चालत नाही, १ जानेवारी २०२४ पासून आधार बंद झाला. त्या मशीनवर विंडोज १० टाका, नाहीतर लिनक्स. १.६ लिनक्सवर २०१३ पासून थेट चालतो आणि ४ जीबी रॅम त्याला भरपूर आहे. कोणी मॅकबुक आणतो म्हणाला तर आधी आवृत्ती विचारा, कॅटालिना आणि पुढच्या मॅकओएसवर ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत.

हॉलमध्ये इंटरनेट नाही म्हणून प्रत्येक पीसी आधी घरी नेटला जोडा, ज्या खात्याने खेळायचं त्याने लॉगिन करा, गेम एकदा उघडून बंद करा आणि मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका. दहा खेळाडू म्हणजे दहा खाती आणि दहा प्रती. फुकटच्या झिप फाइली नकोत. त्यांतल्या बऱ्याच प्रती मेन्यूत परके सर्व्हर घुसवतात आणि कॉन्फिग बदलून टाकतात, मग ऐन मॅचमध्ये कोणाची बटणं बदललेली सापडतात.

अकरावा पीसी फक्त सर्व्हरला ठेवा. स्टीमसीएमडी (सर्व्हरच्या फाइली उतरवायचं कमांडचं साधन) अनामिक लॉगिनने उघडायचं आणि ॲप क्रमांक ९० उतरवायचा. याचा जुना दोष असा की एका फटक्यात सगळ्या फाइली येत नाहीत. ॲप_अपडेट ९० व्हॅलिडेट ही कमांड यशस्वी झाल्याचा संदेश येईपर्यंत तीन-चारदा चालवा. (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.)

अकरा पीसी म्हणजे आठ पोर्टचा स्विच पुरत नाही. सोळा पोर्टचा घ्या. आठचे दोन जोडले तर एकमेकांना जोडण्यात एकेक पोर्ट जाऊन चौदा उरतात, तेही चालेल. १०० एमबीपीएसचा स्विचही या गेमला जास्तच होतो. वायफायवर मात्र एकालाही बसवू नका. आयपी हाताने द्या: सर्व्हर १९२.१६८.१.१०, पुढे ११ ते २०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी २७०१५ उघडा.

आणि सर्व्हर व स्विच दोन्ही यूपीएसवर. वीज नुसती लुकलुकली तरी सर्व्हर रीस्टार्ट होऊन १४-१४ चा स्कोअर पुसला जातो. खेळाडूचा पीसी बंद पडला तर तो पुन्हा जोडता येतो, सर्व्हरचं तसं नाही.

इंदिरानगर_लॅन

मनापासून आभार. गोळ्यांचं लक्षातच आलं नसतं. घरी तीन पीसीवर करून पाहिलं. दोन जोडले गेले, तिसरा "लॅन सर्व्हर फक्त स्थानिक क्लायंटसाठी, क्लास सी" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश देऊन बाहेर फेकला जातो. शिवाय सगळ्यांना समोरचा खेळाडू किंचित झटके देत पळताना दिसतोय, पिंग (सर्व्हरशी ये-जा करायला लागणारा वेळ) ५ असूनही.

जेलरोड_स्विच

तिसऱ्या पीसीचा आयपी तपासा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत नसणार. मोबाइल हॉटस्पॉट किंवा दुसरा राउटर चालू राहिला की असं होतं. एसव्ही_लॅन १ (फक्त लॅनपुरता सर्व्हर) असताना सर्व्हर आपल्याच सबनेटमधल्यांना आत घेतो. आयपी दुरुस्त करा, वायफाय बंद करा.

झटक्यांचं कारण पिंग नाही, अपडेटचा दर आहे. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एसव्ही_मॅक्सअपडेटरेट मूळचा ३० असतो, तो १०१ करा. क्लायंटवर रेट २५०००, सीएल_अपडेटरेट १०१, सीएल_सीएमडीरेट १०१, ईएक्स_इंटर्प ०.०१. सर्व्हरचा आकडा वाढवला नाही तर क्लायंटचा वाढवून काही उपयोग नाही. मग नेट_ग्राफ ३ लावून लॉस (वाटेत हरवणारा डेटा) आणि चोक (अडकून राहणारा डेटा) बघा, दोन्ही शून्याला हवेत. चोक चढला तर रेट कमी आहे, लॉस चढला तर केबल बदला.

त्र्यंबकरोड_एके

माउस आणि नेमबाजीचं मी सांगतो, कारण पोरं पहिल्या तासात "गोळ्या लागतच नाहीत" म्हणून वैतागतील आणि तिथेच ती हातची जातील.

विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजन बंद, गेममध्ये एम_रॉइनपुट १, व्ही-सिंक बंद. एफपीएस (सेकंदाला फ्रेम) १०० वर बांधा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असला तरी फरक पडतो. हे इंजिन खेळाडूची हालचाल पूर्ण मिलिसेकंदांत मोजतं. १०० एफपीएसला एक फ्रेम बरोबर १० मिलिसेकंदांची. १४४ ला ६.९४ येतं, वरचा अपूर्णांक टाकला जातो आणि चाल नकळत मंदावते. सगळ्यांना सारखाच आकडा द्या, म्हणजे तक्रारीला जागा नाही. रिझोल्यूशन ८००×६०० किंवा १०२४×७६८.

आता एके. उभं राहून पहिली गोळी जवळपास अचूक जाते आणि हेल्मेट असलं तरी डोक्यात एकच पुरते. पुढे फैलाव गोळ्यांच्या संख्येच्या घनाप्रमाणे वाढतो. तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत आवाक्यात, सहाव्या गोळीला तो कमाल मर्यादेला पोचलेला असतो. त्यावर बंदुकीचा आडवा झटका डावीकडे जाणार की उजवीकडे, हे गेम मधूनमधून यदृच्छेने उलटवतो. नव्या सीएसमध्ये ठरलेला नमुना पाठ करून तीसच्या तीस गोळ्या एका ठिकाणी घालतात, ते इथे जमणार नाही. तीन गोळ्या, अर्धा सेकंद थांबा, पुन्हा तीन. लांबवर तर एकेकच.

दुसरी गोष्ट जुन्यांनाही बऱ्याचदा माहीत नसते. एके आणि एमफोरचा फैलाव खेळाडूचा वेग (गेमच्या एककांत) १४० च्या वर गेला की वाढतो. एके हातात धरून धावण्याचा वेग २२१, शिफ्ट दाबून चालण्याचा साधारण ११५. म्हणजे शिफ्टने चालताना सुटलेली पहिली गोळी उभ्याने मारल्याइतकीच नेमकी जाते. पण झटका मात्र थोडी हालचाल असली तरी जास्त लागतो, म्हणून चालताना लांब स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, करू नये. धावताना थांबायचं तर उलट दिशेचं बटण क्षणभर टेकवा, वेग लगेच मरतो आणि गोळी सरळ जाते. पोरांना ही लय व्हॅलोरंटमुळे अर्धी येतच असते. उडी मारत मात्र कोणी गोळी चालवू नये, गोळ्या वाया घालवण्यासारखंच आहे ते.

आणि हेडफोन चांगले द्या, प्रसंगी मॉनिटर बरा नसला तरी. पावलांचा आवाज हीच अर्धी माहिती आहे. सुरी काढून पळालं तरी पावलं ऐकू येतात, शिफ्टने चाललं की येत नाहीत. डस्ट २ या मॅपवर बोगद्यात कितीजण आहेत ते न बघता सांगणारा गडी संघात असला की पोरं आपोआप कान टवकारून खेळायला लागतात. तो मॅप डेव्ह जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये केला, आणि मधल्या दारांतून ऑप या स्नायपर रायफलची गोळी आरपार जाते हे आजही नवख्याला पहिल्या फेरीत मरूनच कळतं.

पंचवटी_रश

सर्व्हरचे नियम राहिले. एमपी_स्टार्टमनी ८००, एमपी_राउंडटाइम १.७५, एमपी_सी४टाइमर ३५ (मूळचा ४५ असतो), एमपी_फ्रेंडलीफायर १, एमपी_ऑटोटीमबॅलन्स ०, एमपी_लिमिटटीम्स ०. शेवटचे दोन विसरलात तर एखादा गेल्यावर सर्व्हर परस्पर खेळाडूची बाजू बदलतो. पंधरा फेऱ्यांनंतर बाजू बदला, सोळा जिंकेल तो विजेता. एमपी_फोर्सकॅमेरा २ ठेवा, नाहीतर मेलेला खेळाडू समोरच्या संघाची जागा बघून ओरडून सांगतो.

बॉम्ब निकामी करायला किटशिवाय १० सेकंद, किट असेल तर ५. घड्याळ पडद्यावर दिसत नाही, फक्त बीप जलद होत जाते. ३५ सेकंदांत किटशिवायचा सीटी कुठल्या बीपला सोडून पळायचं हे कानानेच ठरवतो. ही वेळ हॉलमधला प्रत्येक माणूस श्वास रोखून बघतो.

बघणाऱ्यांसाठी प्रोजेक्टर लावणार असाल तर थेट लावू नका. खेळाडू मान वळवून बघतात. सर्व्हरच्याच पीसीवर एचएलटीव्ही (प्रेक्षकांना मॅच दाखवणारा प्रोग्राम) चालवा, पोर्ट २७०२०, त्यात डिले म्हणजे उशीर ३० सेकंद ठेवा. पडदा खेळाडूंच्या पाठीमागे असला तरी डिले लागतोच, कारण नाहीतर प्रेक्षकांची आरोळी खेळाडूंपर्यंत लगेच पोचते. ३० सेकंदांनीही आरोळ्यांवरून जागा कळतेय असं वाटलं तर ६० करा.

इंदिरानगर_लॅन

तिसऱ्या पीसीवर मोबाइलचं हॉटस्पॉटच चालू होतं. अपडेटरेट १०१ केल्यावर झटके गेले. एचएलटीव्ही ६० वर ठेवतोय. रविवारी सोळा पोर्टचा स्विच आणतो आणि दहाही खाती ऑफलाइनला टाकून पाहतो, काही अडलं तर इथेच विचारतो.

जेलरोड_स्विच

ऑफलाइन तपासताना राउटर पूर्ण बंद करून सगळे पीसी एकदा रीस्टार्ट करा. नेट चालू असताना तपासलं तर ऑफलाइन मोड लागलाय की नाही हे हॉलमध्ये गेल्यावरच कळतं. आणि किमान दोन केबल जादा बनवून ठेवा.