जिनिंगच्या काट्यावर काम आहे, 'ये चहाले' म्हणाले. ही मुलाखत समजाची का?

वेणाकाठचा पोट्टा:

राम राम मंडळी.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. बीकॉम होऊन दोन वर्षं झाली. घरी साडेचार एकर, कपाशी अन् तूर. बाप पाहते, मी हाताखाली असतो. आमच्या इकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुई करणारा कारखाना) सीझनपुरता वजनकाट्यावर माणूस पाहिजे आहे. गाडी आली की भरलेलं वजन घ्यायचं, खाली झाली की रिकामं, कॉम्प्युटरवर चढवायचं, पावती काढायची. गावातल्या एका पिकअपवाल्यानं माझं नाव टाकलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "ये ना गुरुवारी दुपारून, चहा घेऊ, बोलू." बस. ना अर्ज मागितला, ना कागद.

तुम्ही म्हणान, चहाच आहे, त्यात काय एवढं. पण मले ह्या चहाचाच धाक बसला आहे. उन्हाळ्यात एका कृषी केंद्रात असाच गेलो होतो. दुकानदारानं बसवलं, पाणी दिलं. यंदा पाऊस कसा राहीन, तुमच्या विहिरीले पाणी किती, अशाच गोष्टी चालल्या होत्या. मले वाटलं मुलाखत आता सुरू होईन, मंग सुरू होईन. मी आपला पाय लांब करून आरामात. बोलता बोलता त्यानं विचारलं, "सध्या काय चालू?" मी म्हटलं, "काही नाही, बसूनच आहो. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, तोवर म्हटलं काहीतरी करू." तो "बरं बरं" म्हणाला, कपबशी उचलली अन् मले रस्त्यापर्यंत सोडाले आला. एवढा मानपान पाहून मी घरी आईले सांगून टाकलं की काम झालं. पंधरा दिवसांनी त्याच दुकानात युरिया आणाले गेलो तं काउंटरवर दुसराच पोट्टा. म्हणजे मुलाखत होऊनही गेली होती, अन् मलेच पत्ता नाही.

आता गुरुवारी तसं होऊ नये. फाइल घेऊन जाऊ का हात हलवत? पगाराचं मी काढू का ते काढतीन याची वाट पाहू? भरतीचं सांगू का दाबून ठेवू? कम्प्युटर येते, मराठी टायपिंगची तीसची परीक्षा पास आहो. मागच्या वर्षी गावातल्या आठ-दहा जणांची सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ, हमीभावानं कापूस घेणारं) 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी मीच करून दिली होती. पण काट्यावर कधी बसलो नाही.

संत्रानगरीकर:

मित्रा, मुलाखत अनौपचारिक असली तरी तयारी औपचारिकच ठेव. एका पानाचा बायोडाटा, फॉर्मल शर्ट, पॉलिश केलेले बूट. 'स्वतःबद्दल सांगा' याचं दोन मिनिटांचं उत्तर आरशासमोर पाठ कर. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' हा प्रश्न हमखास येतो. शेवटी हात मिळवून आभार मान आणि संध्याकाळी एक छोटा आभाराचा मेल पाठव. माझ्या कंपनीत मी हेच पाहतो.

कवडी कापूस:

संत्रानगरीकर भाऊ, पोट्टा पॉलिश केलेले बूट घालून जिनिंगमध्ये गेला तं हमाल त्याले सीसीआयचा ग्रेडर (कापसाची प्रत पाहणारा साहेब) समजून खुर्ची देतीन. अन् मॅनेजरले मेल पाठवला तं तो दिवाळीनंतर उघडन.

जुना दिवाणजी:

बाबू, मी यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगमध्ये 27 सीझन दिवाणजी होतो. काट्यावरचे पोट्टे मीच ठेवाचो. हाती घड्याळ घालून मुलाखत मी एकाचीही घेतली नाही, अन् चहा न पाजता एकालेही ठेवलं नाही. तुले भीती वाटते ते बरोबर आहे. त्या चहातच सगळं असते.

पहिली गोष्ट, मुलाखत गेटवरून सुरू होते. चौकीदाराले तू कसा बोलला ते आत मालूम होते. मी काय करो, पोट्टा आला की त्याले काट्याच्या खोलीजवळ उभा करो अन् फोनवर बोलाचं सोंग करो. दहा मिनिटं. बहुतेक पोट्टे मोबाइल काढत. एक होता, त्यानं मोबाइल काढला नाही. मी गेलो तं म्हणाला, "काका, काट्यावर गाडी नाही तरी डब्यात 20 दाखवून राहिलं." डबा म्हणजे वजनाचा आकडा दिसते तो. रातच्या पावसानं प्लॅटफॉर्मच्या फटीत गिट्टी-चिखल अडकला होता. आमच्या माणसाच्या ध्यानात नव्हतं. आता हिशेब पाय: रिकाम्या काट्यावर शून्य आहे का नाही, हे पाहणं हे त्या कामातलं अर्धं काम. बाकीचं मशीन करते. त्या पोट्ट्याले मी त्याचं शिक्षण बी विचारलं नाही.

दुसरी, हिशेब तोंडी विचारतीन. भरली गाडी 3,640 किलो, रिकामी 1,760, भाव क्विंटलले 7,400, तं पट्टी (शेतकऱ्याले द्याचे पैसे) किती? घाई करू नको. कागद माग. मनातल्या मनात करून चुकणाऱ्यापेक्षा कागद मागणारा मले आवडे. 1,880 किलो म्हणजे 18 क्विंटल 80, इथं दशांशाचं टिंब चुकलं की शेतकऱ्याचे नाहीतर सेठचे हजारो गेले.

तिसरी, काट्यावरची लबाडी कुठून होते ते मालूम पाहिजे. भरल्या गाडीचं वजन होताना टपावर चार जण बसून असतात, रिकामीच्या वेळी तेच चार जण चहा प्याले जातात. झाले अडीच क्विंटल कापूस! ड्रायव्हर एकतर दोन्ही वेळा आत, नाहीतर दोन्ही वेळा बाहेर. स्टेपनी, पाण्याची कॅन, ताडपत्री, जे भरलीवर होतं ते रिकामीवर असलं पाहिजे. हे तुझ्या तोंडून आलं तं मॅनेजर कप खाली ठेवन.

ओलावा पाहणं तुझं काम नाही, ते ग्रेडरचं. पण एवढं माहीत ठेव: सीसीआयच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्यावर 12 पर्यंत कापून, अन् 12 च्या वर घेतच नाहीत. 2025-26 च्या सीझनले लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले 8,110 होता. काट्यावर भांडण होते ते वजनाचं कमी अन् ओलाव्याचंच जास्त. ग्रेडर आतमध्ये निघून जाते, शेतकरी तुझ्या खिडकीशी येऊन ओरडते. त्याच्यासाठी मॅनेजर तुले एखाद्या वेळी मुद्दाम डिवचन. तू 'मी तं फक्त कॉम्प्युटरवाला' असं म्हणू नको.

अन् एक प्रश्न हसत हसत येते. "काटा जरा आपल्या अंगानं ठेवता येईन का रे?" मी बी विचारो. काही पोट्टे माझ्यासंगं हसत, ते गेले. काही सत्यनारायणाची कथा सांगत, तेही गेले. एकानं सांगतलं, "काका, लोक बाहेरच्या धरमकाट्यावर (पैसे देऊन कोणीही गाडी मोजू शकते तो काटा) वजन करून मंग इथं येतात. एकाची पावती जुळली नाही तं उद्या गाड्या पलीकडच्या जिनिंगले लागतीन." हे उत्तर. पण मॅनेजर खरंच विचारत असन, गमतीनं नाही, तं चहा संपव अन् घरी ये. वैधमापनवाले (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) वर्षाले काट्यावर शिक्का मारून जातात, त्यांच्या कागदावर सेठचं नाव असते, पण पकडल्यावर सगळे बोट दाखवतात ते खिडकीतल्या पोट्ट्याकडं.

फाइल कायले? मार्कशीटची एक झेरॉक्स अन् आधारची एक, घडी करून खिशात. मागितली तं काढाची.

वायगावची हळद:

दिवाणजी काका, लय भारी लिहिलं. मी समुद्रपूरकडं एका गोदामात सोयाबीन-तुरीच्या पावत्या काढते, तिसरं वर्ष. मले पहिला प्रश्न आला होता "लग्न कधी आहे?" म्हणून. तो तुले येणार नाही, सुखी आहेस भाऊ.

पगाराचं मात्र काकांनी काही सांगतलं नाही (सांगतीन कसे, ते टेबलाच्या पलीकडचे!). मी चहा पिऊन लाजत लाजत उठली होती. "देऊ ना, घरचंच आहे," म्हणाले. पहिले पैसे मिळाले दोन महिन्यांनी, तेही तुटक तुटक. आईले एसटीच्या भाड्याले पैसे मागून मी कामाले जात होती. तवा तू उठायच्या आधी विचार: पैसे महिन्याचे का हजेरीचे, कोणत्या तारखेले, रात्री गाड्या लागल्या तं जास्तीचे काय, अन् पाऊस आला, आवक बंद पडली त्या दिवसाचं काय. हजेरीवर ठेवलं असन तं हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महागाचा आहे. वीस किंवा जास्त माणसं कामावर असली तं पीएफ लागू होते, तेही विचारता येते, पण ते पहिल्या चहाले नको, कामावर घेतल्यावर विचार.

भरतीचं दाबू नको. तू सकाळी पाचले रोडनं पळत असशील ना? मंग ते जिनिंगच्या अर्ध्या ड्रायव्हरांनी पाहिलं आहे. कृषी केंद्रात तुझं चुकलं ते भरतीचं सांगितलं म्हणून नाही. "तोवर काहीतरी करू" म्हटलं, त्यानं चुकलं. त्याच्या दुकानाले तू टाइमपास म्हटलास. आता असं सांग की ग्राउंडची (भरतीच्या मैदानी परीक्षेची) तारीख आली तं आठ दिवस आधी सांगीन अन् बदली माणूस शिकवून जाईन.

वेणाकाठचा पोट्टा:

ताई, "टाइमपास म्हटलास" वाचून कान तापले. बरोबर आहे. काका, एक विचारतो. "कोणाचा पोट्टा तू?" असं विचारलं तं काय सांगाचं? बापाले तं जिनिंगमध्ये कोणी ओळखत नाही, आमचा कापूस खेडा खरेदीवालाच (गावात येऊन घेणारा व्यापारी) नेते.

जुना दिवाणजी:

बापाचं नाव सांगाचं, अजून काय. ते तुझं घराणं नाही विचारत. उद्या तू नोटा घेऊन निघून गेला तं कोणाच्या दारी जायचं, एवढंच त्यांले पाहिजे असते. गावातला असा एक माणूस सांग ज्याचं जिनिंगमध्ये उधार नाही.

वेणाकाठचा पोट्टा:

मंडळी, जाऊन आलो. बैजवार सांगतो.

दोनले पोचलो, मॅनेजर बँकेत गेलेला. चौकीदारानं बाकावर बसवलं, काट्याच्या अगदी समोर. काकाचं ध्यानात होतं, मी मोबाइल खिशातच ठेवला. डब्यात पाहतो तं 20! गाडी नाही, माणूस नाही, अन् 20. मी मनात लय खूश. म्हटलं काकाची गिट्टी सापडली. उठून दोन्ही फटी पाहत पाहत पार पलीकडच्या टोकाले गेलो, तं तिथं सावलीत काट्यावर कुत्रं झोपलेलं. त्याले हाकललं, परत येऊन पाह्यलं, शून्य. चौकीदार पोट धरून हसला. मॅनेजर आला तं त्यानं पहिले हेच सांगतलं. मॅनेजर काही बोलला नाही, पण आत गेल्यावर चहा सांगतला.

हिशेब विचारला. काकांच्यासारखाच, आकडे वेगळे. मी कागद मागितला, करून दिला. तो म्हणे, "हमाली काहून कापली नाही?" मी म्हटलं, "तुम्ही सांगतलीच नाही." तो म्हणे, "विचाराची." इथं मी थोडा पडलो.

काटा आपल्या अंगानं ठेवण्याचं काही विचारलंच नाही, मी उगाच दोन रात्री उत्तर पाठ केलं. टपावरच्या माणसांची गोष्ट मीच काढली. तेव्हा त्यानं मागच्या सीझनची गोठ सांगतली. एका ट्रॅक्टरवर सहा जण बसून आले होते, अन् वजन झाल्यावर सहाही जण म्हणे लघवीले गेले. कप हातातच होता, खाली ठेवला नाही काका!

"कोणाचा?" हे विचारलं. मी बापाचं नाव सांगतलं अन् वळखीले पिकअपवाल्याचं. त्याचं तोंडच बदललं. म्हणे, "त्याच्याकडं माझे डिझेलचे चार हजार आहेत." काका, उधार नसलेला माणूस सांग म्हणून तुम्ही लिहिलं होतं, अन् मी नेमका तोच सांगतला. मंग घाईघाईनं शाळेतल्या सरांचं नाव घेतलं, ते चाललं.

भरतीचं ताईनं सांगतलं तसंच सांगतलं. तो म्हणे, "माझाही पोट्टा पळते, मागच्या वेळी दोन मार्कानं गेला." मंग पाच मिनिटं गोळाफेकीवरच बोलत होता.

पगार मी विचारला, आवाज थोडा फाटला. महिन्याचे 12 हजार, दर 10 तारखेले. नऊच्या वर गाड्या चालल्या तं जेवण जिनिंगचं अन् घरी सोडाले गाडी. आवक बंदच्या दिवशी पैसे कापणार नाहीत, पण मंग रुईच्या गठाणींचं रजिस्टर लिहायले बसाचं. पीएफचं नाही विचारलं.

घटस्थापना झाली की सोमवारी सकाळी साडेसातले ये म्हणाले. आता अडचण एकच. आमच्या फाट्यावर पहिली एसटी आठ दहाची आहे, अन् मोटरसायकल बापाले शेतात लागते. जामकडून हिंगणघाटले सकाळी सातच्या आत कोणी जाते का?

कवडी कापूस:

दुधाची गाडी जाते, सहा पन्नासले तुमच्या फाट्यावरून. ड्रायव्हर माझा साळा आहे, नंबर पर्सनलवर टाकतो. मागं कॅनांत उभं राहा लागन, तवा तो पॉलिशचा बूट घालू नको.