रॅमवरचं सोनं घरी काढावं की भंगारात द्यावं?

मिरजेचा दुरुस्तीवाला:
अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेलं काही फेकवत नाही, त्यामुळे माळ्यावर दोन पोती साठलीत: दोनेकशे रॅम (कॉम्प्युटरच्या मेमरीच्या छोट्या पाट्या), मदरबोर्ड, डबाभर जुने प्रोसेसर. भंगारवाला सगळं एकाच भावात किलोवर मागतो. रॅमच्या कडेची ती पिवळी पट्टी बघितली की द्यायला जीव होत नाही. पोरगा म्हणतो, व्हिडिओ बघून आपणच ॲसिडात काढू. काय करावं?

खटपट्या:
काढाच. टोकियो ऑलिंपिकची पदकं जपानने लोकांच्या जुन्या मोबाईल-लॅपटॉपमधून केली, त्यातून ३२ किलो सोनं निघालं. नायट्रिक ॲसिडमध्ये खालचं तांबं-निकेल विरघळतं आणि सोन्याचे पापुद्रे सुटून येतात. मी स्वतः केलंय, गच्चीवर, काचेच्या बरणीत. कसब आपल्याकडे आलं पाहिजे. नुसतं विकत राहिलो तर कमाई कायम दुसऱ्याची.

गलाईवाल्याची लेक:
आम्ही विट्याकडचे. खानापूर-आटपाडीची माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर सोन्याचांदीची गलाई, म्हणजे वितळवून शुद्ध करायचं काम करतात, माझे वडीलही त्यातलेच. म्हणून ‘काचेच्या बरणीत’ वाचून पोटात गोळा आला. तांब्यावर नायट्रिक पडलं की तांबूस धूर उठतो. तेव्हा नुसता ठसका लागतो. माणूस घरी येतो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. वडील तीस वर्षं तेजाबाजवळ बसले. आता जिना चढताना दर चार पायऱ्यांना थांबतात. दादा, पोराला यात घालू नका.
खटपट्या, उरलेलं निळं पाणी कुठे ओतलंत?

खटपट्या:
ताई, कुठेच ओतलं नाही. झाकण लावून बरणी गच्चीतच ठेवली आहे, कुणाला द्यावी कळत नाही. धुराचं तुमचं म्हणणं मान्य. पण भंगारात दिलं म्हणजे पाप टळलं का? बरंचसं भंगार हात बदलत दिल्लीच्या सीलमपूरला पोचतं. तिथे माणसं उघड्यावर बोर्ड तापवतात, तेजाबात बुडवतात. आपला धूर आपण फक्त दुसऱ्याच्या पोराकडे पाठवतो.

गलाईवाल्याची लेक:
हे खरं आहे. म्हणून कुणाला विकायचं ते बघून विकावं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, प्रक्रिया करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. ती विचारा आणि मगच पोती द्या.

हिशेबी:
आधी सोनं किती ते तरी बघा! रॅमची ती पिवळी पट्टी साधारण १३ सेंमी लांब, ३ मिमी रुंद, दोन्ही बाजूंनी. मधल्या फटी वजा करून ५ चौरस सेंमी उरतात. सोन्याचा मुलामा अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग धरला (कित्येकदा त्याहून पातळ असतो), तर एका रॅमवर जेमतेम ५ मिलिग्रॅम. हिशेबापुरता तोळा लाखाचा धरा, म्हणजे झाले पन्नास रुपये, तेही एक कणही वाया गेला नाही तर. दोनशे रॅम मिळून एक ग्रॅम! ॲसिड, भांडी आणि ताईंनी सांगितलेला धूर यात धरलेलाच नाही. उलट चालू स्थितीतली आठ जीबीची रॅम जुन्या बाजारात याच्या कितीतरी पट किमतीला जाते. दुरुस्तीवाल्या माणसानं ती वितळवायची?

खटपट्या:
रॅमपुरतं पटलं. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरचं गणित वेगळं आहे, त्यात सोनं बरंच जास्त. ते मदरबोर्डच्या भावात देऊ नका, वेगळे काढून वेगळा भाव मागा.

मिरजेचा दुरुस्तीवाला:
ॲसिडाचा बेत रद्द. काल रात्री पोराला घेऊन बसलो. खोडरबरानं पट्ट्या घासायच्या, एकेक रॅम लावून बघायची. पहाटे दोनपर्यंत ६१ तपासल्या, १७ चालू निघाल्या. प्रोसेसर वेगळ्या डब्यात भरले. नोंदणीवाल्याला फोन केला तर म्हणतो, दोन पोत्यांसाठी गाडी पाठवणं परवडत नाही. सांगली-मिरजेतल्या आणखी कुणाच्या माळ्यावर असं पडलं असेल तर इथे लिहा, एकत्र पाठवू. खटपट्या, ती बरणी घेणार का हेही त्याला विचारतो.