जाड लॅमिनेटच्या पोटात काय चाललंय ते कळायला ऑप्टिकल फायबर टाकू का?

एमआयडीसी_जळगाव
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत माझं ग्लास फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. आजवर टाक्यांची झाकणं, मशीनची कव्हरं केली, सगळं पाच-सहा मिमी जाडीचं. आता इपॉक्सी रेझिनमध्ये, व्हॅक्यूम इन्फ्यूजनने (हवा ओढून काचेच्या कोरड्या थरांत रेझिन शोषवून) 30 मिमी जाडीचा फ्लँज, म्हणजे जोडाची कडी, करायचाय. मे महिन्यात शेडमध्ये रेझिनचा ड्रमच चाळिशी पार असतो. लॅमिनेटचा, म्हणजे रेझिनने चिकटलेल्या काचेच्या थरांचा, नमुना कापला तर मधोमध पिवळट पट्टा, आणि गार झाल्यावर कडाही उचलल्या. भाचा शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, मामा, ऑप्टिकल फायबरचा सेन्सर आतच घाला. खरंच उपयोग होतो, की थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) भागेल?

साक्रीचा_वारा
भाऊ, मी ब्राह्मणवेलकडे पवनचक्कीच्या पात्यांची दुरुस्ती करतो. आम्ही उन्हाळ्यात पहाटे रेझिन ओढतो आणि स्लो हार्डनर (रेझिन सावकाश घट्ट करणारं रसायन) वापरतो. पट्टा त्यानेच जाईल. फायबरचं मला माहीत नाही.

अमळनेरची_लेक
दादा, मी मूळची अमळनेरची. सध्या पुण्यात कॉम्पोझिटच्या प्रयोगशाळेत हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे त्रास दोन आहेत, ते वेगळे धरा. पिवळा पट्टा उष्णतेचा. तापमान 10 अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट होण्याच्या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि जाड थराच्या मधली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. त्यासाठी मधोमध एक के-टाइप थर्मोकपल पुरे. वरच्या भाऊंचा सल्ला अगदी बरोबर आहे.

कडा उचलण्याचं कारण मात्र थर्मोकपल सांगणार नाही. रेझिन जेल होऊन (पातळपणा जाऊन थिजून) कधी धरलं आणि त्यानंतर किती आकसलं, यावर ते ठरतं. इथे भाच्याचं खरं आहे. फायबरमध्ये ब्रॅग ग्रेटिंग नावाची बारीक आखणी असते. ती एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते. फायबर ताणलं, दाबलं किंवा तापलं की ती तरंगलांबी सरकते. 1550 नॅनोमीटरच्या आसपास एका अंशाला सुमारे 10 पिकोमीटर, एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) सुमारे 1.2 पिकोमीटर. म्हणजे तापमानात एका अंशाची चूक झाली, तर आठ मायक्रोस्ट्रेनचा खोटा ताण दिसतो. म्हणून ग्रेटिंगशेजारी थर्मोकपल हवंच. दोन्ही मिळून एक सेन्सर समजा.

आलेख वाचताना मला अजूनही तेवढंच नवल वाटतं. रेझिन पातळ असेपर्यंत ग्रेटिंग जवळजवळ फक्त तापमानच दाखवतं, कारण त्याला कोणी धरलेलंच नसतं. जेल झालं की रेषा तापमानाची साथ सोडते. तिथून पुढचं आकसणं आणि गार होताना मोल्डशी चाललेली ओढाताण, सगळं त्यात उतरतं. तुमचा मोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर ती ओढाताण जास्त, कारण ॲल्युमिनियम ग्लास-इपॉक्सीपेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं.

फायबर रोव्हिंगच्या (काचेच्या तंतूंच्या जुडीच्या) दिशेनेच ठेवा. ते 125 मायक्रॉनचं, काचेचा तंतू त्याच्यापुढे फारच बारीक. आडवं टाकलं तर दोन्ही बाजूंना रेझिनचे डोळे (नुसत्या रेझिनचे कप्पे) तयार होतात आणि तिथेच लॅमिनेट कमजोर पडतं. वेष्टन पॉलिइमाइडचं घ्या. टेलिकॉमच्या फायबरचं ॲक्रिलेट साधारण 85 अंशांपर्यंतच टिकतं, आणि तुमचा मधला भाग त्याच्या वर जाणार.

एमआयडीसी_जळगाव
ताई, फार उपकार झाले. मोल्ड ॲल्युमिनियमचाच आहे. पण ते वाचायचं यंत्र महाग असतं म्हणे?

अमळनेरची_लेक
हो, इंटरॉगेटर महाग आहे, आणि एका फ्लँजसाठी तुम्ही तो घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. भाच्याच्या कॉलेजात किंवा जळगावच्या विद्यापीठात विचारा. मोजके नमुने मोजून तापवण्याचं आणि गार करण्याचं वेळापत्रक एकदा बसलं की रोजच्या उत्पादनात थर्मोकपल पुरतं.

नुसतं क्युअरिंग (रेझिन पिकणं) पुढे सरकतंय का एवढंच पाहायचं असेल, तर स्वस्त वाट आहे. साध्या फायबरचं टोक सरळ कापून रेझिनमध्ये ठेवायचं आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. रेझिन पिकतं तसा त्याचा अपवर्तनांक वाढतो, परावर्तनही वाढतं. तापताना मात्र अपवर्तनांक उतरतो, म्हणून तिथेही तापमान नोंदवाच. कनेक्टर हिरवा, म्हणजे एपीसी (टोक तिरकं घासलेला) घ्या, नाहीतर त्याचंच परावर्तन मोजत बसाल. कापणं-जोडणं ब्रॉडबँडची लाइन टाकणारा पोरगा करून देईल, त्याच्याकडे क्लीव्हर आणि स्प्लायसर दोन्ही असतात.

एक राहिलं. फायबर सर्वात जास्त तुटतं ते लॅमिनेटमधून बाहेर पडतं तिथे. त्या जागी टेफ्लॉनची बारीक नळी घाला, ती सीलंट टेपच्या दोन थरांमधून बाहेर काढा, आणि नळीचं तोंड बंद करा, नाहीतर व्हॅक्यूम तिथूनच गळेल. कडा कापण्याआधी फायबर कुठून निघतंय ते मार्करने मोल्डवर लिहून ठेवा.