प्रवीण गोर्धन चळवळीतून अर्थखात्यात कसे पोचले?

खडूस_वाचक: दक्षिण आफ्रिकेचे गोर्धन मूळचे फार्मासिस्ट ना? मग वर्णभेदविरोधी चळवळीतून थेट अर्थमंत्री कसे काय?

डोंबिवलीकर७: थेट कुठे हो. डरबनचा माणूस, नाताळ इंडियन काँग्रेस या तिथल्या भारतीयांच्या संघटनेत तयार झाला, भूमिगत काम केलं, ऑपरेशन वुला नावाच्या चळवळीच्या गुप्त मोहिमेपायी १९९० ला अटकही झाली. पण खरं काम मला विचाराल तर १९९९ ते २००९, टॅक्स खात्याचे कमिशनर होते तेव्हाचं, वसुलीची घडी अशी बसवली की सरकारकडे पैसा खेळायला लागला आणि मग २००९ ला अर्थमंत्री.

निवांत: डिसेंबर २०१५ चा किस्सा राहिला की! तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुमांनी, गोर्धननंतर अर्थमंत्री झालेल्या नेनेंना काढून व्हान रूयन नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला खासदार बसवला, तिथलं चलन रँड धाडकन आपटलं, चार दिवसांत नाक मुठीत धरून गोर्धनना परत बोलवावं लागलं 😄 पुढे २०१७ ला परत हाकललंच, झुमांच्या जवळच्या उद्योगपती गुप्ता बंधूंच्या (हो, आपल्या सहारनपूरचेच) आड येत होते म्हणून, असं तिकडे सर्रास बोललं जातं.

खडूस_वाचक: बापरे. मग?

डोंबिवलीकर७: २०१८ ला नवे राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी सरकारी कंपन्यांचं खातं दिलं. तिथे मात्र सरकारी वीज कंपनी एस्कॉमचं लोडशेडिंग काही आटपेना, लोकांनी भरपूर शिव्या घातल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये वारले.