मदत हवी आहे: चेक इंजिन लाइट, कोड पी०४२० आणि "कॅटकॉन बदला" हा सल्ला

मंडळी, अडतीस हजार रुपये खर्च करायच्या आधी जाणकारांचं मत हवं आहे.

गाडी २०१६ ची, बीएस-४, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही कंपनी घेऊच नका" या वळणावर जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. रनिंग ९० हजारांच्या पुढे. नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं आहे, आरसीवर रीतसर नोंद आहे. वापर मुख्यतः सातारा-पुणे हायवेवर.

लक्षणं अशी. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि स्थिर राहतो, लुकलुकत नाही. गंमत म्हणजे तो शहरात कधीच लागत नाही. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा मागे टाकला, शिरवळच्या सपाट रस्त्यावर गाडी एका चालीत ७०-८० ने निघाली की हे महाशय प्रकट होतात. पिकअपमध्ये फरक नाही, अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच आहे, मिसिंग अजिबात नाही. एकच गोष्ट खटकते: सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटखालून बारीक टिक-टिक-टिक येते, शिलाई मशीन दूरवर चालू असल्यासारखी. रेस केली की वेग वाढतो. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की आवाज गायब.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. कोड पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (कॅटकॉन, एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा डबा) कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली. सल्लागार म्हणाले कॅटकॉन असेंब्ली बदला, अडतीस हजार अधिक मजुरी. कुठली टेस्ट करून हे ठरवलं विचारलं तर "साहेब, कोडच सांगतोय ना."

ओळखीच्या एका गॅरेजमध्ये वेगळाच तोडगा मिळाला. कॅटकॉन फोडून आतली जाळी काढायची आणि रिकामा डबा परत बसवायचा. "दीड हजारात काम, वर गाडी मोकळी पळेल." आणखी एकाने कॅटकॉनच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर टाकून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) गंडवायचा सल्ला दिला. हे दोन्ही करायचे नाहीत, तेव्हा कृपया त्यावर वेळ घालवू नका.

माझ्याकडे ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीचे कोड आणि सेन्सर मोबाइलवर दाखवणारं यंत्र) आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, पेट्रोलवर घेतलेली रीडिंग्ज:

आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट) +१४ टक्के, शॉर्ट टर्म +३ च्या आसपास. २५०० आरपीएमला धरून ठेवलं की लाँग टर्म +५ वर येतो. कॅटकॉनच्या पुढचा ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्टमध्ये भराभर वरखाली. मागचा ०.२ ते ०.७, पुढच्यापेक्षा संथ, पण हलतो नक्की. फ्रीझ फ्रेममध्ये (कोड पडला त्या क्षणाची नोंद) वेग ७४, आरपीएम २३०० च्या जवळ, कूलंट ८८ अंश. दुसरा कुठलाही कोड नाही.

पीयूसी गेल्याच महिन्यात काढलं, आरामात पास. कॅटकॉन खराब असता तर पीयूसी पास झालं असतं का? आणि कॅटकॉन खरंच गेला आहे हे घरच्या घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये कसं पक्कं करायचं?

प्रतिसाद – हँडब्रेक

इंजिन ऑइल किती खाते? दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये टॉप-अप करावा लागतो का? कूलंट कमी होतं का? हे आधी सांगा. ऑइलमधला फॉस्फरस कॅटकॉनच्या आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर बसतो आणि हळूहळू तो थर निकामी करतो. हेड गॅसकेटमधून कूलंट जळत असेल तरी तेच. तसं असेल तर नवा कॅटकॉनही त्याच वाटेने जाईल.

धागाकर्ता

ऑइल डिपस्टिकवर खुणांच्या मधेच असतं, टॉप-अप कधी लागला नाही. कूलंटची पातळी हलत नाही. धूरही नाही.

प्रतिसाद – स्पॅनर बारा-तेरा

माझं स्वतःचं गॅरेज आहे, रोज हेच बघतो. तुम्ही आकडे दिलेत म्हणून लिहितो. नुसतं "लाइट लागली, काय करू" असतं तर पुढे गेलो असतो.

पहिलं पीयूसीचं. ते टेस्टिंग गाडी उभी असताना होतं. आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) बघतात, मग रेस करून सीओ आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण). तेवढ्यापुरता अर्धा थकलेला कॅटकॉनही पास होतो. ईसीयू वेगळंच काहीतरी तपासतो. चांगल्या कॅटकॉनच्या आत सेरियम ऑक्साइड असतं, ते ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं. त्यामुळे पुढचा सेन्सर कितीही नाचला तरी मागचा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत बसून राहतो. साठवणूक कमी झाली की मागचा पुढच्याची नक्कल करायला लागतो. ईसीयू ती नक्कल मोजतो, आणि मोजायला त्याला गरम कॅटकॉन आणि एकसारखी चाल लागते. म्हणून तुमचा दिवा शिरवळला लागतो, साताऱ्यात पोवई नाक्याच्या गर्दीत नाही. शिवाय एकदा नापास झाल्यावर लगेच लागत नाही, सलग दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून चालवून बंद करण्याच्या फेऱ्या) नापास व्हावं लागतं.

आता तुमची टिकटिक. माझा सगळा संशय तिथे आहे. थंडीत आवाज, गरम झाल्यावर बंद, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅसकेट किंवा खालची फ्लँज गळते आहे. धातू तापून फुगला की फट बुजते, पण पूर्ण बुजतेच असं नाही. लोकांना वाटतं लीक म्हणजे धूर बाहेर येणार, एवढंच. प्रत्यक्षात एक्झॉस्टमध्ये दाब ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे तिथे क्षणभर ओढ तयार होते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. सेन्सर म्हणतो मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त), ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. आयडलला +१४ आणि २५०० ला +५ हे त्याच्याशी जुळतं, कारण गॅसचा प्रवाह कमी असतो तेव्हा आत आलेल्या हवेचा वाटा मोठा पडतो. जास्तीचं पेट्रोल आणि आगंतुक हवा, दोन्ही जातं कॅटकॉनवर. मागच्या सेन्सरच्या अलीकडे कुठे लीक असेल तर तो सेन्सरही खोटं सांगणार. अशा स्थितीत पी०४२० वर विश्वास ठेवून कॅटकॉन बदलणं म्हणजे जुगार आहे.

इनटेकला व्हॅक्यूम लीक असला तरी ट्रिम असेच दिसतात, तेव्हा तोही तपासा. पण व्हॅक्यूम लीक असा तालात टिकटिकत नाही, तो फुसफुसतो.

तपासणी अशी करा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप हवा फेकणाऱ्या बाजूला लावा, सायलेन्सरच्या टोकाशी फडकं गुंडाळून घट्ट धरा आणि चालू करा. इंजिन बंदच ठेवायचं. मग भांड्याचं लिक्विड घातलेलं पाणी स्प्रेच्या बाटलीतून मॅनिफोल्डच्या जोडावर, फ्लँजवर, फ्लेक्स पाइपवर आणि दोन्ही सेन्सरच्या आट्यांवर मारा. बुडबुडे येतील तिथे लीक. हीट शील्ड काढावं लागेल, त्याचे बोल्ट गंजलेले असतात, आदल्या दिवशी रस्ट स्प्रे मारून ठेवा, नाहीतर बोल्टचं डोकं हातात येईल. जोडाशी काळ्या काजळीची रेघ दिसली तर अर्धं काम तिथेच झालं.

आणखी एक. लीक सापडला आणि कोणी "सिलिकॉन लावून देतो" म्हणालं तर गाडी तिथून काढा. एक्झॉस्टच्या उष्णतेत साधं सिलिकॉन टिकत नाही आणि त्याच्या वाफा ओ-टू सेन्सर खराब करतात. गॅसकेट नवंच टाकायचं.

प्रतिसाद – मोकळा सायलेन्सर

एवढा विचार कशाला करता राव. माझ्या गाडीचा कॅटकॉन चार वर्षांपूर्वी रिकामा केला. लाइटवर काळी टेप लावली. झकास चालते.

प्रतिसाद – हँडब्रेक

आणि मागून येणारा दुचाकीवाला तुमचं एचसी आणि सीओ खातो, झकास. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत १९९५ साली नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तो हौस म्हणून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या निकषांचा भंग केल्याबद्दल दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या टेपखाली उद्या मिसफायरचा किंवा दुसरा कुठला दिवा लुकलुकत असेल तर तो कळणार कसा?

प्रतिसाद – बे एरियातला पुणेकर

इकडे कॅलिफोर्नियात चेक इंजिन लागलेला असेल तर स्मॉग चेक (आपल्या पीयूसीसारखी तपासणी) थेट नापास. कोड इरेज करून लगेच नेली तरी उपयोग नाही, कारण रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का याची नोंद) "इन्कम्प्लीट" दिसतात आणि परत पाठवतात. धागाकर्त्याला सांगायचं एवढंच की दुरुस्तीनंतर दिवा विझला म्हणून खूश होऊ नका. डोंगलच्या अ‍ॅपमध्ये कॅटॅलिस्ट मॉनिटर "कम्प्लीट" झालाय का ते बघा. तोपर्यंत दिवा विझलेला असणं याला काही अर्थ नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. मध्यंतरी बरंच काही झालं.

साबणाच्या पाण्याची टेस्ट केली, शेजारचे काका पाइप धरून बसले होते. हीट शील्ड काढल्यावर मॅनिफोल्डच्या चौथ्या सिलिंडरच्या टोकाला हेडवर काजळीचा पंखा उमटलेला दिसला, करंगळीएवढा. पाणी मारल्याबरोबर तिथे एकामागून एक बुडबुडे. एक स्टड तुटलेला होता, नट जागेवर दिसत होता पण बोटाने फिरत होता. बाकी जोड, फ्लेक्स आणि सेन्सर कोरडे.

गॅरेजमध्ये तुटलेला स्टड काढून नवा बसवला, गॅसकेट नवं टाकलं. खर्च अडतीस हजारांच्या जवळपासही नाही. टिकटिक पूर्ण बंद. कोड इरेज केला, पण आधीचा फ्रीझ फ्रेम लिहून ठेवला होता.

आता पेट्रोलवर आयडलला लाँग टर्म +४, २५०० ला +३. मागचा सेन्सर ०.६५ च्या जवळ बराच शांत. पण सीएनजीवर टाकलं की तोच सेन्सर पुन्हा ०.३ ते ०.७ हलायला लागतो आणि लाँग टर्म +१२ कडे सरकतो. हे काय नवीन? कॅटकॉन गेला आहे की नाही?

प्रतिसाद – स्पॅनर बारा-तेरा

पेट्रोलवर मागचा सेन्सर शांत बसला, तर कॅटकॉन निकालात काढायचं कारण मला तरी दिसत नाही. आता किटकडे वळा.

सिक्वेन्शियल किटचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरचा पल्स घेतो आणि त्याला गुणून गॅस इंजेक्टर उघडतो. तो गुणाकार, म्हणजे मॅप, बरेच जण बसवताना आयडलला एकदा ऑटो-कॅलिब्रेट करतात आणि गाडी हातात देतात. रस्त्यावर, लोडखाली कोणी जुळवत नाही. मग मूळ ईसीयू आपला ट्रिम ओढूनताणून भरपाई करतो. मिश्रणाचे हेलकावे मोठे झाले की चांगल्या कॅटकॉनचीही साठवणूक अपुरी पडते. त्यात मिथेन, म्हणजे सीएनजीचा मुख्य घटक, हा कॅटकॉनला जाळायला सगळ्यात चिवट गॅस. त्यामुळे पेट्रोलवर पास होणारा, थोडा वय झालेला कॅटकॉन सीएनजीवर काठावर येतो.

गॅस फिल्टर कधी बदललेत? रिड्यूसरचं (गॅसचा दाब कमी करणारा भाग) डायफ्राम तपासलंय का? प्लग बाहेर काढून गॅप मोजा. सीएनजीला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप पेट्रोलपेक्षा थोडा कमी ठेवतात. झिजलेल्या प्लगवर गॅस अधूनमधून न जळता जातो. तो जळतो कॅटकॉनच्या आत, आणि आतली सिरॅमिक जाळी वितळते. दिवा लुकलुकायला लागला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पायच काढा, त्याच वेळी पेट्रोलवर या.

क्रम असा ठेवा. काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, हायवेला एका चालीत, कॅटॅलिस्ट मॉनिटर कम्प्लीट होईपर्यंत. पेट्रोलवर पी०४२० परत आला तर कॅटकॉन घ्या, तेव्हा मी अडवणार नाही. नाही आला तर लॅपटॉप जोडून, गाडी रस्त्यावर चालवत मॅप जुळवणारा माणूस शोधा. उभ्या गाडीवर ट्यूनिंग करणाऱ्याला पैसे देऊ नका.

धागाकर्ता

फिल्टर किट बसवल्यापासून बदललेला नाही, बिलं चाळून पाहिली. तो आणि प्लग या आठवड्यात करतो. कॅटॅलिस्ट मॉनिटर काल वाठारजवळ कम्प्लीट झाला, पेट्रोलवर, पेंडिंगमध्येही कोड नाही.

सातारा, कराड किंवा पुण्यात वारजे-कात्रज बाजूला रस्त्यावर गाडी चालवून सीएनजी मॅप जुळवणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. किटचा ईसीयू जुन्या पद्धतीचा आहे, त्याची केबल आणि सॉफ्टवेअर त्यांच्याकडे असायला हवं.