एज ऑफ एम्पायर्स ४: रेलिकने वाट लावली, की आपला हात अजून दोनवरच बसलाय?

खोगीरभरती
एज ऑफ एम्पायर्स या राज्य उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेममालिकेत चार नंबरचा भाग रेलिक स्टुडिओने केला. त्याचा विषय निघाला की जुने खेळाडू दोनच वाक्यं बोलतात. एक, "हा एन्सेम्बलचा (पहिले भाग करणाऱ्या स्टुडिओचा) खेळ नाही." दोन, "दोनची (दुसऱ्या भागाची) सर नाही." पुढे कोणी काही सांगत नाही. म्हणून नेमकं विचारतो.

१) स्टुडिओ बदलल्यामुळे खेळात प्रत्यक्ष काय बदललं?
२) दोनच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये (नव्याने काढलेल्या आवृत्तीत) चालणारी फास्ट कॅसल, म्हणजे झटपट तिसऱ्या युगात (कॅसल एज) पळायची चाल, इथे का कोसळते? कॅसल एज लागायच्या आत समोरचा गावात घुसलेला असतो.
३) दिल्ली सल्तनत या खेळातल्या संस्कृतीचं संशोधन फुकट आहे, तरी तंत्रज्ञानात मीच मागे. का?

"सराव कर" हे उत्तर नको.

मोजणीदार
पहिल्यांदा "नवीन स्टुडिओ" हा शब्दच तपासू. एन्सेम्बल २००९ च्या जानेवारीत बंद झाला, पण मालिका त्याआधीच दुसऱ्यांच्या हातात जायला लागली होती. तीनचं एशियन डायनॅस्टीज हे २००७ चं एक्सपान्शन (पुरवणी भाग) बिग ह्यूज गेम्सचं. भारतीयांचे व्हिलेजर (कामकरी) अन्नाऐवजी लाकडावर तयार होतात ती करामत त्यांचीच, आणि तेव्हा कोणी छाती बडवली नव्हती. ऑनलाइन आवृत्ती रोबोट एंटरटेनमेंटने सुरू केली आणि नंतर गॅस पॉवर्ड गेम्सकडे दिली. दोनची एचडी आवृत्ती २०१३ मध्ये हिडन पाथने काढली. त्याच वर्षीचं द फरगॉटन ज्यांनी बनवलं ती मंडळी मुळात मॉड करणारे (खेळात स्वतः बदल करणारे) चाहते होते. आज "खरा एज" म्हणून ज्याचं कौतुक होतं ते दोनचं रूप बरंचसं त्यांच्याच हातचं आहे.

चार रेलिकचा. व्हँकूवरचा स्टुडिओ, होमवर्ल्ड, डॉन ऑफ वॉर, कंपनी ऑफ हिरोज करणारा. चार त्यांच्याच एसेन्स इंजिनवर (खेळामागच्या सॉफ्टवेअरवर) उभा आहे. त्यामुळे तक्रार करायचीच तर "एन्सेम्बल नाही" अशी करू नका, "रेलिकच्या सवयी दिसतात" अशी करा. ही दुसरी तक्रार निदान तपासता येते. झाडीत लपणारं सैन्य, नकाशावरची पवित्र ठिकाणं धरून ठेवायची चढाओढ, तुकडीच्या हातात खास कौशल्यं, हे सगळं त्या घराण्याचं आहे.

बाण_चुकवू_नका
मोजणीदार बरोबर आहेत, पण हाताला खटकतं ते याहून बारीक आहे. प्रश्न २ घेतो.

दोनमध्ये फ्यूडलला (दुसऱ्या युगात जायला) फक्त ५०० अन्न लागतं, सोनं शून्य. म्हणून डार्क एजमध्ये (पहिल्या युगात) सोन्याकडे बघायची सवयच नसते. चारमध्ये ४०० अन्न आणि २०० सोनं लागतं. सुरुवातीला हातात २०० अन्न, १५० लाकूड, १०० सोनं. म्हणजे आणखी १०० सोनं खणूनच काढायचं. सहा व्हिलेजर मेंढ्यांवर, पहिलं घर (५० लाकूड, १० जणांची जागा, दोनमध्ये २५ आणि ५), लगेच सोन्याजवळ मायनिंग कॅम्प (५० लाकूड), आणि नंतर जन्मणाऱ्यांपैकी तीन-चार थेट तिथे. दोनच्या हिशोबाने आधी सगळं अन्न आणि लाकूड केलंत तर अन्न ४०० च्या पुढे जाऊन पडून राहतं आणि सोन्यासाठी थांबावं लागतं. पहिला मिनिटभराचा उशीर इथला.

दुसरा उशीर लँडमार्कचा, म्हणजे युग बदलणाऱ्या खास इमारतीचा. दोनमध्ये टाउन सेंटरवर (गावाच्या मुख्य इमारतीवर) बटण दाबलं की युग आपोआप पुढे सरकतं. चारमध्ये ती इमारत व्हिलेजरना हाताने बांधावी लागते. जितके जास्त हात तितकी लवकर, पण तेवढे हात गोळा करायचं थांबवतात. एकट्याला लावून विसरलात तर मेलात.

आता कॅसल. दोनमध्ये ८०० अन्न, २०० सोनं. चारमध्ये १२०० अन्न, ६०० सोनं, वर पुन्हा लँडमार्क. सोनं तिप्पट! म्हणजे फ्यूडल ही पायरी राहत नाही, तो मुक्काम आहे. समोरच्याला हे माहीत असतं, म्हणून तो त्या वेळात भालेकरी (६० अन्न, २० लाकूड) आणि धनुर्धारी (३० अन्न, ५० लाकूड) घेऊन येतो. तुमच्याकडे तेव्हा बॅरॅकसुद्धा नसते. एक बॅरॅक, पाच-सहा भालेकरी, आणि फ्यूडलमध्येच दुसरं टाउन सेंटर (दोनमध्ये त्यासाठी कॅसल लागतं) असा पाया घाला, मग कॅसलचं बघा.

आणखी तीन सवयी सोडायच्या.

बाण चुकवणं. दोनमध्ये बाण ही उडणारी वस्तू आहे, घोडा वळवला की चुकतो. चारमध्ये धनुर्धाऱ्याचा बाण माणसाचा पाठलाग करतो आणि लागतोच. नाचवायचं ते फक्त मँगोनेलच्या दगडासमोर. जुन्यांचा निम्मा राग इथे आहे आणि तो समजण्यासारखा आहे, कारण वीस वर्षं कमावलेली बोटांची कला एका झटक्यात बिनकामाची झाली.

टेकडी. दोनमध्ये उंचावरून मारलं की २५ टक्के जास्त इजा. चारमध्ये उंचीचा तो बोनस नाही. टेकडी धरून बसण्यात फार अर्थ नाही.

घाईची भिंत. अंगावर आलेल्या घोड्यासमोर दोनसारखे खांब टाकून वाट बंद करणं इथे जमत नाही. लाकडी कुंपण पायदळ जाळून टाकतं. दगडी भिंतीला मात्र वेढ्याची यंत्रंच लागतात, आणि तिच्यावर सैन्यही उभं राहतं. तरी निर्धास्त राहू नका, कारण ब्लॅकस्मिथमध्ये (लोहारशाळेत) सीज इंजिनिअरिंग हे संशोधन झालं की शत्रूचं पायदळ तुमच्या वेशीसमोरच रॅम (भिंत फोडायचं यंत्र) ठोकून तयार करतं. ठोकाठोकी दिसली की त्याच क्षणी घोडेस्वार सोडा. रॅम पूर्ण झाल्यावर धनुर्धारी त्यावर बाण मारत बसले तर काही उपयोग नाही.

एक चांगलंही सांगतो. मेंढी सापडली की ती स्काउटच्या (टेहळ्या घोडेस्वाराच्या) मागे आपोआप चालत येते. दोनमधली मेंढ्या हाकायची कटकट संपली.

लोहारआळी
दोघेही रेलिकला फार स्वस्तात सोडताय. खेळ २८ ऑक्टोबर २०२१ ला आला तेव्हा रँक्ड शिडी (सामन्यांवरून लागणारी क्रमवारी) नव्हती, नकाशे बनवायचं साधन नव्हतं, स्वतःचा रंगसुद्धा निवडता येत नव्हता. हे सगळं २०२२ मध्ये आलं. शेवटच्या युगात स्प्रिंगल्डचे (मोठे बाण सोडणाऱ्या यंत्रांचे) थवे जमवले की बाकी काहीच लागत नव्हतं. जे यंत्र दुसऱ्या यंत्रांना मारायला होतं तेच सगळ्यांना मारत सुटलं. पॅचने (नंतरच्या दुरुस्त्यांनी) ताळ्यावर आलं, पण पहिल्या महिन्यात खेळून सोडलेल्या माणसाला पॅच कोण सांगणार? त्याचं मत तिथेच गोठलंय. "चार अर्धवट आहे" म्हणणाऱ्याला आधी विचारा, शेवटचा कधी उघडला होतास. कॅमेरा जवळ वाटत असेल तर सेटिंगमध्ये झूमचा पर्याय आधी बघा.

मोहिमांबद्दल माझी तक्रार अजून तशीच आहे. मूळ खेळात चार मोहिमा: नॉर्मन, शंभर वर्षांचं युद्ध, मंगोल, मॉस्को. दिल्ली सल्तनत पहिल्या आठ संस्कृतींत, पण तिला मोहीम नाही. दोनवाल्यांनी २०२२ मध्ये एकाच "इंडियन्स"चे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार भाग केले आणि राजेंद्र चोळाची मोहीम दिली. दख्खनचे यादव स्वतंत्र संस्कृती म्हणून तिथेही नाहीत, ते सोडा.

मोजणीदार
दोनवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. २०२५ मध्ये त्यांनी तिसऱ्या शतकातली चिनी तीन राज्यं, वर नायक, रँक्डमध्ये आणली तेव्हा झालेली ओरड आठवा. तेव्हा कोणताच "परका स्टुडिओ" नव्हता. लोकांची चीड निर्णयावर असते, स्टुडिओचं नाव फक्त सोयीचं पडतं.

खोगीरभरती
सोन्याचं एकदम पटलं, तिथेच अडकत होतो. दिल्लीचं राहिलं.

बाण_चुकवू_नका
फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत, त्याऐवजी वेळ लागतो, आणि तो भरपूर लागतो. म्हणून इतरांसारखं "परवडेल तेव्हा संशोधन करू" हा विचार इथे चूक. इमारत उभी राहिली त्याच सेकंदाला तिच्यात काहीतरी लावा. दिल्लीच्या खेळाडूचा रिकामा ब्लॅकस्मिथ म्हणजे चुलीवर भांडंच नाही.

वेग वाढतो तो मशिदीत बसवलेल्या स्कॉलरनी (धर्मपंडितांनी). फ्यूडलला डोम ऑफ द फेथ लँडमार्क घ्या, तिथे स्कॉलर निम्म्या किमतीत मिळतात. सँक्टिटी हे संशोधन सर्वांत आधी लावा. ते झालं की स्कॉलर कॅसलची वाट न पाहता पवित्र ठिकाणं ताब्यात घेऊ शकतात. इतरांना ते कॅसलपर्यंत जमत नाही. ठिकाण हातात आलं की सोन्याचा ओघ सुरू होतो.

गोची अशी की बाहेर गेलेला स्कॉलर मशिदीत बसलेला नसतो. सगळे बाहेर पाठवले की संशोधन रांगतं, सगळे आत ठेवले की ठिकाणं जातात. तुझं बहुधा पहिलं होतंय. सुरुवातीला दोन आत, एक बाहेर. बाहेरच्यासोबत चार भालेकरी, कारण समोरचा घोडेस्वार पहिला त्यालाच शोधतो.