प्रति: चूक कंपायलरचीच कशी?
सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेचे अधिकृत नियम म्हणजे तिचं स्टँडर्ड, आणि तिचा कोड यंत्राला चालेल असा करून देणारा एक कंपायलर म्हणजे जीसीसी. तुमचं "स्टँडर्डात नाही, तरी जीसीसी सी++ मध्ये रनटाइमला (प्रोग्रॅम चालताना) लांबी ठरणारा अ‍ॅरे (मूल्यांची रांग) मुकाट घेतो, म्हणजे जीसीसी चुकतो" हे पटलं नाही. ते त्याचं जाहीर एक्स्टेंशन (स्टँडर्डापलीकडची जादा सोय) आहे, त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. 'पेडॅन्टिक-एरर्स' हा फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) लावून पाहिलात का? लगेच अडवेल.

आणि दरवेळी कागदच (म्हणजे स्टँडर्डच) खरा असतो असंही नाही. १९९८ च्या स्टँडर्डात टेम्प्लेटसाठी (वेगवेगळ्या प्रकारच्या डेटाला चालणारा कोडचा साचा) 'एक्स्पोर्ट' होतं, म्हणजे साच्याचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवायची सोय. बहुतेक कंपायलरांनी त्याला हातच लावला नाही. ज्या मोजक्यांनी ते बनवलं, त्यांनीच ते काढा म्हणून सांगितलं. शेवटी २०११ मध्ये ती सोय गेली. माघार घेतली ती कागदाने!

तेव्हा बग नोंदवाल तर कुठलं स्टँडर्ड, कुठले फ्लॅग तेही लिहा.